बसला का धावला?

मोजणीबाबूनं कोणालाही, कधीही "पाऊस किती पडला?" असं विचारलं नाही. वरच्या डोंगराकडून कोणी बसनं उतरला, का बाबू छत्री काखेत दाबून त्याच्यासमोर उभा. रामराम नाही, तब्येतपाणी नाही.

"तुमच्याकडचा बसला का धावला?"

नवीन माणूस घाबरायचा. कोण बसला, कोण धावला? जुने लोक बिडी विझवून सांगायचे, "बसला, बाबूजी. वावरातच जिरला सारा." मग बाबूचं तोंड उतरायचं. कोणी "धावला" म्हटलं, का त्याला हाताला धरून हॉटेलात न्यायचा अन चहा पाजायचा. काही लोक चहासाठी खोटंच धावला म्हणायचे. ते बाबूला त्यांच्या चपलांवरून कळायचं. धावलेल्या पावसातून आलेल्या माणसाची चप्पल धुतलेली असते, बसलेल्या पावसातून आलेल्याची शेर-दीड शेर चिखल घेऊन येते. असं त्याचं म्हणणं.

पाऊस दोनच जातीचा, असा त्याचा हिशेब. एक जमिनीत जाऊन बसतो, एक जमिनीवरून धावतो. नदीला धावलेल्याशीच मतलब. अन बसायचं का धावायचं हे आभाळ ठरवत नाही, खालची जमीन ठरवते.

मी त्याचा खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी होतो. पांढुर्णा अन सौंसरच्या मधात जाम नदीवर पूल आहे. त्याच्याजवळ सरकारच्या पाणीखात्याची एक टिनाची खोली होती. पुलाच्या पायाला काळी-पांढरी पट्टी रंगवलेली. पाणी पट्टीवर कुठवर आलं ते पाहायचं अन वहीत लिहायचं, एवढंच काम. बाबू लिहायचा, मी पाण्यात उतरायचो. तो नोकर सरकारचा अन मी नोकर त्याचा, असं गाव म्हणायचं. खरं म्हणजे आम्ही दोघंही नदीचे नोकर होतो. ती आली का आमची धावपळ, ती नाही आली का आम्ही खोलीत माश्या मारून राहिलो.

हे आज सांगायचं कारण असं, का यंदा मला त्या बाबूची जेवढी गरज पडली तेवढी नोकरीतही पडली नव्हती. वैशाखात माझी बायको गेली. खाटेवर होती तेव्हा एकच गोष्ट सांगून ठेवली होती. "मले लांब नेऊ नोका. नर्मदा नाई, रामटेक नाई. आपली नदी आली का तिच्यात सोडजा." सोडजा म्हणाली, पण वैशाखात जाम नदी म्हणजे रेती अन गोटे. अस्थींचं मडकं मी बांधावरच्या कडुलिंबाला टांगलं अन नदीची वाट पाहत बसलो.

मुलगा बोरगावला कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, नागपंचमीपर्यंत पाहतो. नाई आली त मी नर्मदेवर नेतो. आईले असं झाडाले टांगून ठेवणं बरं नाई दिसत." त्याचंही काही चुकलं नव्हतं. पण तिचा शब्द होता. अन नदी कधी येणार हे सांगणारा जो एकच माणूस मला ठाऊक होता, तो मरून किती वर्षं झाली.

तर बाबू. बाबूच्या कमरेला करदोड्याच्या जागी एक दोर असायचा. खराच दोर, पायलीभर गाठी मारलेला. एका हाताला एक गाठ. टोकाला लोखंडी नट. कोणाच्याही घरी गेला का आधी विहिरीवर. नट खाली सोडायचा, कान वाकडा करायचा, 'टप्' वाजलं का गाठी मोजायच्या. काठापासून पाणी इतक्या गाठी खाली. गाठी कमी, तेवढी विहीर भरली. मग घरात यायचा अन घरवाल्यांकडं पाहायचा.

एकदा लोधीखेड्याला लग्नात गेलो. वाजंत्री वाजून राहिली, अंतरपाट धरलेला, अन बाबू मांडवाच्या मागं विहिरीत अर्धा वाकलेला. नवरीच्या मामानं पाहिलं. त्याला वाटलं, हा जीव देऊन राहिला. त्यानं मागून जी मिठी मारली, दोघेही विहिरीच्या काठावर आडवे. मामा ओरडून राहिला, "काय झालं असन ते मले सांगा, पण मांडवात नोको!" बाबू खालूनच म्हणाला, "चौदा. मोडली ना मोजणी तुमी. सोडा, पुन्हा मोजू द्या."

जामसांवलीला शनिवारी सारे लोक हनुमानाला जायचे. बाबूही जायचा. पण हार-नारळ माझ्या हातात देऊन "तू माझ्याही नावानं वाहा" म्हणायचा अन तिथल्या विहिरी मोजत फिरायचा.

जेवायला तो आमच्याच घरी असायचा. एकटा जीव, बायका-पोरं नव्हती. माझी बायको त्याला वाढायची, पण त्याला वाढणं म्हणजे शाळेत बसणं. ताटात दोन भाकरीचे तुकडे वेगळे ठेवायचा. एक सकाळचा वाळलेला, एक वरणात भिजवून फुगवलेला. दोन्हीवर चमच्यानं वरण सोडायचा.

"पाहा वहिनी. वाळली भाकर वरण पिऊन टाकते. भिजली भाकर वरण सोडून देते. वरण तेवढंच. भाकर बदलली."

"हो बाबूजी. आता जेवा, थंडं होऊन राह्यलं."

"थांबा. ही झाली आपली काळी जमीन. उन्हाळ्यात हिला भेगा पडतात, हात जाते आत. पहिला पाऊस कितीबी येऊ द्या, भेगा पितात. अन वर डोंगरात काय आहे? खडक. तो म्हणजे तुमच्या घरावरचा टिनपत्रा. पत्रा काही पीत नाही. पडलं का लगेच पन्हाळीतून खाली. म्हणून डोंगरातला नाला घटकाभरात येते अन संध्याकाळी आटते. अन आपली नदी उशिरा येते, पण दिवाळीनंतरही चालते. तेव्हा आभाळात एक ढग नसते. मग कोणाचं पाणी चालून राहिलं ते?"

"कोनाचं?"

"विहिरीचं! जे बसलं होतं ना, तेच हळूहळू पाझरून राहिलं."

माझी बायको सातवी शिकली होती, माझ्याहून तीन जास्त. तिला हे पटापट कळायचं. मी म्हणायचो, "बाबूजी, वरण मी पिऊ का?" मग दोघंही माझ्याकडं असे पाहायचे जसा मीच खडक.

एक परात त्यानं अंगणात उन्हात ठेवली होती. आगकाडीनं पाणी मोजायचा. चैत्रात दिवसाकाठी किती आटलं, भाद्रपदात किती. "हवा बी पिते, बाप्पा. ज्येष्ठातला पाऊस तीन जण वाटून घेतात, हवा, झाड, अन भेग. नदीच्या वाट्याला काय येते? नाव." अन ती परात आमची होती. बायकोला पीठ मळायला दुसरी परात आणावी लागली.

आता त्याची चूक सांगतो. चूक अशी, का आमच्याच मुलखात होऊ शकते.

नवाच आला होता. धानाच्या मुलखातला माणूस, बालाघाटकडचा. तिकडं पाणी अडवतात, भरतात, साठवतात. वैशाखात त्यानं गावच्या विहिरी मोजल्या अन त्याचे डोळे पांढरे झाले. आभाळात ढग नाही, अन विहिरी चढून राहिल्या! अठ्ठावीस गाठींवरून चोवीस, चोवीसवरून एकवीस. संत्र्याच्या बगीच्याबगीच्यात तेच. बाबू रात्रभर झोपला नाही. सकाळी नदीच्या रेतीत गेला. तिथं टरबूज-डांगराच्या वाड्या होत्या. बाबूनं हात जोडून सांगितलं, "काढा सारं. जमीन आतून भरली आहे. पहिल्याच पावसात नदी येणार."

सरकारी माणूस हात जोडून राहिला म्हटल्यावर लोकांनी ऐकलं. अर्धकच्ची टरबुजं तोडली. मग पहिला पाऊस आला, दणकून आला, पत्रे वाजले. सारं गाव पुलावर. नदीत फेसाची एक रेघ आली, पुलाच्या पायापर्यंत सरकली, अन तिथंच मेली. भेगांनी पिऊन टाकलं सारं.

लोक असे हसले, असे हसले. एक वाडीवाला कच्चं टरबूज घेऊन आला अन बाबूच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "घ्या बाबूजी, नदी आली." हसत होता, पण डोळे हसून राहिले नव्हते.

बाबू आमच्या ओट्यावर डोकं धरून बसला. माझी बायको ताट घेऊन आली.

"बाबूजी, एक विचारू?"

"विचारा. आता गावातल्या कुत्र्यानंच विचारायचं राहिलं."

"तुमी विहिरी मोजल्या. उपसा मोजला का?"

"म्हणजे?"

"अवो, संत्र्याले ताण देल्ला हाये. दर साली देते. पाणी तोडते, पानं सुकू देते, म्हंजे मिरगाच्या पाण्यावर फूल धरते. महिना झाला, गावात कोनाची मोटर चालू नाई." ती खाली बसली. "विहीर भरली नाई, बाबूजी. फकत कोनी काढून नाई राह्यलं."

बाबूनं कमरेचा दोर सोडला अन तिच्या पुढ्यात ठेवला. "आजपासून तुमची विहीर तुम्ही मोजायची, वहिनी. रोज. तुमचा आकडा पहिला, माझा मागून."

ती कच्ची टरबुजं त्यानं वाडीवाल्याकडून आणली अन पंधरा दिवस दोन्ही वेळ त्यांचीच भाजी खाल्ली. आमच्याच घरी. म्हणजे आम्हालाही खावी लागली. ती म्हणायची, "बाबूजी, पाप तुमचं अन तोंड आमचं काहून?"

तेव्हापासून घरात पाय टाकला का त्याचे दोनच प्रश्न. "वहिनी, किती गाठी? मोटर चालू आहे का बंद?" अन ती मोटर रोज सकाळी चालवायची. अर्धा तास. वांग्याला, मिरचीला, तिच्या बारा लिंबांना. तिचा आकडा खोटा निघाला नाही.

खोटा निघाला नाही ते पोळ्याच्या दिवशी साऱ्या गावानं पाहिलं. सकाळी सारं गाव बैलं धुवायला नदीत. पाणी गुडघाभर, निर्मळ. माझीही जोडी होती. आभाळातून नुसती भुरभुर, अंगावरचा सदरा भिजणार नाही एवढी. पोट्टे पाणी उडवून राहिले, कोणी शिंगं रंगवून राहिलं. अन बाबू रस्त्यानं छत्री फिरवत पळत येऊन राहिला.

"काढा! बैलं काढा! सारी!"

एक म्हातारा म्हणाला, "बाबूजी, टरबूज बी काढू का?" सारी नदी हसली.

बाबू थांबला नाही. पाण्यात उतरला अन माझ्या जोडीचे कासरे धरले. "वहिनीनं सांगितलं, सात गाठी. अन मोटर रोज चालू. रोज उपसूनही चढून राहिली! जमिनीच्या पोटात आता घोटभर जागा नाही. आता जे पडेल ते सारं धावेल. वर डोंगरात हीच भुरभुर पहाटेपासून चालू आहे. काढ बे!"

मला बे म्हणाला. कधी म्हणत नसे. मी बैलं काढली. माझी निघाली म्हणून शेजाऱ्याची निघाली. शिव्या देत देत सारी निघाली. अन मग आवाज आला. आधी वाटलं ट्रक आहे. वळणावरून लाल पाणी आलं, अंगावर कपाशीच्या पऱ्हाट्या, फेस, एक अख्खं बाभळीचं झाड घेऊन. जिथं बैलं होती तिथं दोन पुरुष पाणी. म्हातारा खालीच बसला, बैलाच्या पायाला मिठी मारून.

अन बाबू? बाबू बैलांकडं पाहतच नव्हता. त्याची खोलीतली खुर्ची वाहून चालली होती, चप्पल एक गेली होती, अन तो पुलावर उभा राहून पट्टीकडं बोट दाखवून नाचून राहिला होता. "लिही! लिही! वाढून राहिलं! भुरभुरीत आली रे! भुरभुरीत!" कोणाला वाचवलं याचा आनंदच नाही. भाकर खरी निघाली याचा आनंद.

पुढं खात्यानं ती जागा बंद केली. बाबू गेला तेव्हा दोर घरीच ठेवून गेला. म्हणाला, "वहिनी, कोणी मेलं-बिलं तर मला कळवू नका. नदी आली तर कळवा." ती दर साली पोस्टकार्ड टाकायची. नदी आली, इतक्या गाठींवर आली. तिकडून एक ओळ यायची, "बसला किती, धावला किती?" एका साली दुसऱ्याच अक्षरात कार्ड आलं. त्या दिवसापासून ती कार्डाऐवजी मोटरघराच्या भिंतीवर गेरूनं लिहायला लागली. साल, गाठी. साल, गाठी. आधी नदी अठरा गाठींवर यायची. मग गावात बोअर झाल्या, नदीच्या पोटाला भोकं पडली. विहीर आणखी भरल्याशिवाय नदी येईना. सोळा झाल्या, चौदा झाल्या. गेल्या साली बारा.

म्हणून यंदा मी दोर काढला. ती गेल्यावर पंधरा दिवस माझ्यात खाटेवरून उठायचं बळ नव्हतं. मग मृग लागला, अन मी विहिरीत नट सोडला. बावीस. चार दिवसांनी एकोणीस. मग सतरा. पाऊस फार नव्हता, दोन सरी, तीन सरी, पण विहीर चढून राहिली! मला भूक लागायला लागली. सकाळी उठलो का आधी विहीर. पंधरा! चौदा! मी रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारायला लागलो, बसला का धावला? लोक म्हणाले, बुढा बाबू झाला. आषाढात एका सकाळी बारा गाठी भरल्या अन दुपारी असा पाऊस आला, का समोरचं झाड दिसेना. मी मुलाला फोन लावला. "ये. लगेच ये. तुझ्या आईची नदी आली."

तो गाडीवर भिजत आला. मी मडकं उतरवलं, छातीशी धरलं, पुलावर गेलो.

रेती. ओली झालेली रेती. पुलाच्या पायाजवळ एक डबकं अन त्यात बेडूक.

तासभर उभे राहिलो. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, अस्थी वापस आणत असते का कोनी?" मी पुन्हा मडकं टांगलं. गाठ त्यानं मारली.

मी मोटरघरात गेलो, भिंत पाहायला. आकडा चुकला होता का? बारा, बाराच लिहिलं होतं. मग बाजूला, खाली, एक जुनी ओळ दिसली. तिच्या अक्षरात. "ताण आहे. गाठ धरू नये." अन तिच्याखाली मोटरचं बटण. त्याच्यावर कोळ्याचं जाळं.

बाहेर पाहिलं. वांगी वाळून काडी झाली होती. लिंबाची पानं वळली होती. वैशाखापासून मोटर कोणी चालू केली नव्हती. कोण करणार? ती करायची.

विहीर भरली नाई. फकत कोनी काढून नाई राह्यलं.

मी तिथंच बसलो. जे रडायचं होतं ते त्या दिवशी रडलो. तेरवीत नव्हतो रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्या वेळेला, बटण दाबलं. अर्धा तास. दांड धरला, लिंबांना पाणी सोडलं. संध्याकाळी दोर टाकला तर अठरा. सहा गाठी खाली! बरं झालं म्हटलं. खोटं उतरलं. मग रोज. पाऊस असो नसो, मोटर अर्धा तास, मग दोर. अठरा. अठरा. सतरा. दोन सरी बसल्या. सोळा. लिंबांना कोंब फुटले. पंधरा. आता मी कोणाला काही सांगत नव्हतो, पण आतून असा नाचून राहिलो होतो. रोज उपसूनही चढून राहिली! तेरा. बारा. मी थांबलो. अकरा होऊ दिली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मुलगा सामान बांधून आला. "बाबा, उद्या पहाटे निघू नर्मदेवर."

सकाळी भुरभुर होती. सदरा भिजणार नाही एवढी. मी म्हटलं, "मडकं घे."

"एवढ्याशा पावसात?"

"घे बे."

आम्ही पुलावर उभे राहिलो. रेती. डबकं. तो घड्याळ पाहून राहिला. मी डोंगराकडं पाहून राहिलो. मग त्यानं मान वर केली. "ट्रक येऊन राहिला का?"

"ट्रक नोहे," मी म्हटलं.

वळणावरून आली. लाल, फेसाळ, पऱ्हाट्या घेऊन. डबकं गेलं, गोटे गेले, पट्टीचा खालचा आकडा गेला, त्याच्यावरचा गेला. मुलगा ओरडला, "आई व!" तो आश्चर्यानं ओरडला का तिला हाक मारली, मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून मडकं सोडलं. एकदा फिरलं, अन ती गेली. मी पट्टीकडं बोट दाखवून ओरडत होतो, "लिही! लिही! वाढून राहिलं!" मुलानं माझा हात घट्ट धरून ठेवला, का मी पडीन.

घरी आलो. त्यानं टॉवेल दिला, चहा ठेवला. म्हणाला, "बाबा, आता बसा. झालं सारं."

मी उठलो.

"आता कुठी?"

"मोटर चालू करून येतो. वेळ झाली तिची."

"पाणी पडून राह्यलं बाहेर! आता कोनाले पाणी देता?"

"देऊन नाई राह्यलो," मी म्हटलं. "विहीर खरं बोलली पायजे."